शब्दकोड्यातला बॅले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजी शब्दकोडी नेमाने सोडवणाऱ्यांना 'प्लिए', 'जेते', 'टूटू' (नर्तकीचा फुगीर झगा), 'बार' (सरावाचा आडवा दांडा) हे बॅले नृत्यातले शब्द तोंडपाठ असतात. आयुष्यात एकदाही बॅले न पाहिलेला माणूस 'बॅलेतील हालचाल, चार अक्षरे' एवढे वाचून झरझर चौकोन भरतो. अमेरिकी पद्धतीच्या कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसवावे लागते. त्यामुळे स्वरांनी भरलेले असे आखूड शब्द रचनाकाराच्या फार उपयोगी पडतात. (आपल्या कोड्यात मात्रेसह अख्खे अक्षर एका चौकोनात जाते, तिथे प्लिए दोनच घरे व्यापेल.)

हे शब्द कोड्यात येतात याचा मला आनंदच आहे. खटकते ती त्यांची सूचना. 'बॅलेतील पदन्यास' एवढ्या एकाच ओळीवर हालचालींचे सगळे शब्द खपवले जातात. जेते म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलेली झेप. अंत्रशामध्ये उडी हवेत असतानाच पावले झपाट्याने एकमेकांना मागे-पुढे ओलांडतात. आणि प्लिए तर पदन्यासही नव्हे. पाय बाहेरच्या बाजूला वळवून, पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवायचे, हे प्लिए. दिसायला अगदी साधे. पण बॅलेचा वर्ग बहुधा बारला धरून याच सरावाने सुरू होतो, कारण प्रत्येक उडी त्यातूनच निघते आणि त्यातच उतरते.

१८९५ साली सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर नर्तकी पिएरिना लेन्यानी हिने 'स्वान लेक' या बॅलेमध्ये सलग ३२ फुएते घेतले. एका पायाच्या बोटांच्या टोकावर गिरकी आणि दुसरा पाय चाबकासारखा फिरता! त्या गिरक्यांचे कौतुक आजही होते. मात्र दर दोन गिरक्यांच्या मध्ये आधाराचा गुडघा वाकतो, म्हणजे प्लिएच होते, आणि पुढच्या गिरकीचा जोर तिथून येतो. ज्या चार अक्षरांनी आपण रिकामी जागा भरतो, त्यांच्यावर ही सगळी करामत उभी असते.

मराठी कोड्यांतही हेच घडते. 'कथकमधील एक प्रकार' असे लिहिले की तोडा, परण, तिहाई यांपैकी काहीही चालते. जागा किती आहे तेवढे पाहायचे. त्याऐवजी 'तोच बोल तीनदा, शेवट समेवर' असे लिहिले, तर तिहाई सुचण्यासाठी ती निदान मनात म्हणून पाहावी लागेल. कथक न शिकलेल्या वाचकालाही त्यातून काहीतरी कळेल.

रचनाकारांनी नृत्यातल्या शब्दांना अशा सूचना द्याव्यात, ही विनंती. आपल्या रविवारच्या कोड्यासाठी एक मीच सुचवते : 'उडीच्या आधी आणि उडीनंतर बॅले नर्तक गुडघ्यांनी करतो ते (२)'.

– एक वाचक, पुणे