सव्वा किलोचा मोती

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, गुडघ्यांचे रडगाणे नेहमीचेच. आज लिहायला बसले ती एका मोत्यापायी, आणि हे प्रकरण तुझ्याखेरीज कोणापुढे मांडावे असे मला वाटत नाही.

ओळखीतल्या एका कुटुंबाने मूल्यांकनासाठी एक गोळा आणून दिला. त्यांचे आजोबा जहाजावर खलाशी होते आणि मनिलाहून त्यांनी तो आणला, अशी घरातली हकिकत. वजन सव्वा किलो, रंग दुधी, एक अंग खोलगट, दुसऱ्या अंगाला उंचसखल वळ्या. भिंगाखाली एका गुळगुळीत पट्ट्यावर ज्वाळांची ती ओळखीची नक्षी पुसटशी दिसली आणि हा महाशिंपल्याचा (जायंट क्लॅमचा) मोती आहे याची मला खात्री पटली. पाणी म्हणशील तर नावालाही नाही. मोतीशिंपेत अॅरॅगोनाइटच्या पातळ चकत्या एकावर एक रचल्या जातात, त्यांतून परतणारा प्रकाश मोत्याला पाणी देतो. महाशिंपल्यात त्याच खनिजाच्या पट्ट्या एकमेकींना छेदत बसतात, म्हणून याची चकाकी चिनी मातीच्या बशीसारखी. तरीही तो हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. एका जिवाने वर्षानुवर्षे थरावर थर चढवून केलेली ती वस्तू आहे.

कुटुंबाला मात्र आकडा हवा आहे. फिलिपिन्समधल्या पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसा शहराचा ३४ किलोचा महाशिंपल्याचा मोती त्यांनी वाचला आहे. तिथल्या एका कोळ्याला तो २००६ च्या सुमारास सापडला, शुभ म्हणून त्याने तो घरात पलंगाखाली ठेवला, आणि २०१६ मध्ये तो जगापुढे आला तेव्हा वर्तमानपत्रांनी १० कोटी डॉलर किंमत छापली. या मंडळींनी किलोचा भाव काढला, सव्वाने गुणले आणि सुमारे ३७ लाख डॉलर लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला! मी त्यांना समजावले की मुंबईच्या बाजारात ‘चव’ हे मोत्यांचे जुने माप धरून भाव ठरे, वजन दुप्पट झाले की किंमत चौपट होई, हे खरे; पण तो हिशेब पाणीदार, गोल मोत्यांचा. महाशिंपल्याच्या मोत्यांना असा ठरलेला बाजारच नाही. १० कोटी ही छापलेली रक्कम आहे, कोणी मोजून दिलेली नव्हे. पलावानमध्येच १९३४ साली सापडलेल्या ६.३७ किलोच्या ‘अल्लाच्या मोत्या’चे तेच झाले. त्याचा मालक विल्बर्न कॉब याच्या वारसांनी तो १९८० मध्ये २ लाख डॉलरना विकला आणि पुढे मूल्यांकनाच्या कागदांवर त्याची किंमत कित्येक कोटींवर गेली. त्या कॉबनेच पाणबुड्याचा हात शिंपल्यात अडकून तो बुडाल्याची कथा पसरवली. तू ती ऐकून किती संतापली होतीस! मोठा महाशिंपला सावकाश मिटतो आणि पुष्कळदा पुरता मिटूही शकत नाही, हे तू तेव्हा सगळ्या मेसला ऐकवले होतेस.

वसतिगृहाच्या गच्चीवरचे आपले भांडणही आठवते. मोठी किंमत लागली की लोक जपतात, असे मी म्हणत होते. किंमत कळली की पहिला घाव शिंपल्यावर पडतो, असे तू म्हणालीस आणि रागाच्या भरात माझ्या वाटच्या चकल्याही संपवल्यास. चकल्यांचे मी विसरले नाही, पण भांडण तू जिंकलीस. एप्रिल २०२१ मध्ये पलावानच्या ग्रीन आयलंडवर सुमारे २०० टन महाशिंपले जप्त झाले. हस्तिदंताऐवजी कोरीवकामाला त्यांना मागणी आहे, त्यात मोत्याच्या आशेची भर कशाला? मोती तर क्वचितच एखाद्यात. तो शोधायला निघालेला माणूस बाकीचे फुकट फोडणार. मीटरभराहून मोठा, २०० किलोंचा हा प्राणी आपल्या मांसात शैवाल पोसून त्यावर जगतो, वाढायला दशके घेतो आणि अंडी व शुक्राणू पाण्यातच सोडतो. जवळपास दुसरा उरला नाही तर पुढची पिढी होणार कशी? एदगार्दो गोमेझ यांनी बोलिनाओच्या सागरी केंद्रात आयुष्य वेचून पिल्ले वाढवली आणि फिलिपिन्सच्या ओसाड प्रवाळांवर नेऊन ठेवली. ती मेहनत एका फुगवलेल्या आकड्याने मातीमोल व्हावी, हे मला सहन होत नाही.

म्हणून अहवालात ओळख, वजन, मापे आणि घडण एवढेच लिहिले. किमतीची जागा कोरी ठेवली. महाशिंपले ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, कागदपत्रांवाचून याचा परदेशी व्यवहार करू नका, हेही सांगितले. त्या घरचा मुलगा चिडला, दुसऱ्याकडून आकडा लिहून घेतो म्हणाला. आता मला झोप नाही ती याचीच. कोरी जागा योग्य, की खरीखुरी, बेताची रक्कम लिहून त्या कोटींच्या गोष्टीला माझ्यापुरता तरी चाप लावणे योग्य? कोऱ्या जागेत उद्या कोणीही काहीही भरील. पण मी लिहिलेली लहान रक्कमही अखेर किंमतच. तिसरी वाट एखाद्या संग्रहालयाला देण्याची. त्या घरच्या आजींना ती पटते आहे, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

रोहनची बदली झाली का? तुझ्या घराचे गळते छप्पर दुरुस्त झाले असेल अशी आशा आहे. लक्षद्वीपच्या तुझ्या जुन्या टिपणांचे पुस्तक करणार होतीस, ते कुठवर आले? तिथल्या लहान ट्रायडॅक्नांना, म्हणजे महाशिंपल्याच्या भाऊबंदांना, आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, हे मी त्या मुलाला तुझे नाव घेऊनच सांगितले.

शनिवारी ते लोक पुन्हा येणार आहेत. त्याआधी तुझे मत कळव, आणि जमले तर स्वतःच ये; आजींशी तू बोललीस तर त्या ऐकतील.

तुझी,
शैला