श्रीरामपूरच्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र पाकिटात घालून तुमच्या पत्त्यावर जायला हवं होतं. पण आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, इतिहास छापायला निघालाय आणि जो तो विचारतो, "हे बंगालमधलं सगळं तुला सांगितलं कोणी?" म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या नगर जिल्ह्यातही एक श्रीरामपूर आहे. घरी "श्रीरामपूरला जाऊन येते" म्हटलं, तर आईने रात्रीच्या जेवणाला येशील ना म्हणून विचारलं होतं. हुगळीकाठच्या श्रीरामपूरला मी आले ती फक्त एका पानासाठी. बायबलचा मराठी नवा करार पहिल्यांदा कुठे छापला, एवढंच लिहायचं होतं. इंग्रज मिशनरी विल्यम केरी, त्यांनी छापलेलं १८०५ मधलं मत्तयाचं शुभवर्तमान आणि मराठीचं व्याकरण, १८१० चा मोडी खिळ्यांनी छापलेला मराठी कोश, १८११ चा नवा करार, आणि केरींच्या पाठीशी उभे असलेले वैजनाथ पंडित. इतकं माझ्या वहीत आधीच होतं. केरींचं थडगं पाहावं, फोटो काढावा आणि परतावं, असा बेत होता.

कोलकात्यात ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. चाळीस वर्षं तिथे काढलेली मराठी बाई, बंगाली येतं, बस्स. तुम्ही मला पाहिलंही नव्हतं, तरी गुडघे दुखत असताना बराकपूरहून होडीने नदी ओलांडून सोबत आलात. टोटोवाल्याने, म्हणजे ई-रिक्षावाल्याने, आपल्याला डॅनिश काळातल्या सेंट ओलाव्ह चर्चपुढे नेऊन उतरवलं, तेव्हा त्याला समजावून पुढे नेलंत तेही तुम्हीच. मग नदीकाठी कॉलेजसमोर डबा उघडताना तुम्ही सहज विचारलंत, "अगं, केरीसाहेब पाळक होते, ते कळलं. पण त्यांच्या मंडळीत बसायचं कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणापासून चर्चला जाणाऱ्या मला जो प्रश्न सुचला नाही, तो तुम्ही विचारलात. तुमच्या घरी तर गणपती बसतो.

त्या दिवशी हाती लागलेली बंगाली पुस्तिका मला वाचता येत नव्हती. पुढे दर बुधवारी रात्री तुम्ही फोनवर एकेक पान वाचून मराठीत सांगायचात. "थांब हं, हे वाक्य परत वाचते," म्हणायचात, आणि चष्मा पुसल्याचा आवाजही मला ऐकू यायचा.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून केरी आणि त्यांचे सोबती डॅनिश झेंड्याखालच्या श्रीरामपुरात राहिले. २४ एप्रिल १८०० ला मंडळी स्थापन झाली, तेव्हा सभासद म्हणजे मिशनरीच. केरींना बंगालात येऊन साडेसहा वर्षं होत आली होती, पण एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात उतरून ख्रिस्ती होण्याचा विधी, झालेला नव्हता. त्या वर्षी नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. केरींचे सोबती मिशनरी डॉ. थॉमस यांनी तो बसवला, आणि तिथून बोलणं सुरू झालं. २२ डिसेंबरला कृष्ण आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनरींच्या पंगतीला बसले आणि जात गेली. लोकांनी गलका करून कृष्णाला दंडाधिकाऱ्यापुढे ओढत नेलं. त्याने त्याला सोडून दिलं. २८ डिसेंबरला हुगळीच्या पाण्यात कृष्णाचा बाप्तिस्मा झाला, सोबत केरींचा मुलगा फेलिक्स. पुढच्याच महिन्यात कृष्णाची मेहुणी जयमणी पाण्यात उतरली.

त्याच २८ तारखेला आनंदाच्या भरात थॉमस यांचं डोकं फिरलं होतं, आणि केरींची बायको डोरोथी आपल्या खोलीत बंद होती. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये गेला, त्यानंतर ती सावरलीच नाही. इथे तुम्ही वाचायचं थांबलात. जरा वेळाने म्हणालात, "त्या बाईचं नाव नीट लिही हं." काकू, लिहिलं आहे. १८०७ मध्ये ती गेली, तेही लिहिलं आहे.

आणि गोकुळ. डिसेंबरात बाप्तिस्म्याच्या ऐनवेळी तो मागे सरला होता, नंतर आला. १८०३ मध्ये तो वारला. त्याच्या पेटीला आतून-बाहेरून पांढरी मलमल लावली ती कृष्णाने, स्वतःच्या खर्चाने. पेटी खांद्यावर घेतली चौघांनी: मिशनरी मार्शमन, फेलिक्स केरी, ब्राह्मणाघरचा भैरव आणि मुसलमान घरातला पीरू. त्याच वर्षी कृष्णाच्या मुलीचं लग्न कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाशी लागलं होतं. दक्षिणेतल्या काही जुन्या मंडळ्यांत जातवार बसणं चालू राहिलं, श्रीरामपूरकरांनी मात्र पहिल्या दिवसापासून प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेताना, सगळ्यांना एकच प्याला ठेवला.

हे चार खांदेकरी तुम्ही मला सांगितलेत त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या गावात खांदा कोण देतं यावरून माणसाची जात कळायची. आजी सांगायची, तिच्या वडिलांच्या वेळी वेशीबाहेरून वाट होती. आमची मंडळी केरींच्या बॅप्टिस्ट पंथाची नाही, पण मागच्या रविवारी उपासनेनंतर मी हे पान वाचून दाखवलं, तर मागच्या बाकावरचे एक आजोबा उठून पुढे आले. "ती चार नावं पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचली.

एका पानाची अकरा पानं झाली. वैजनाथ पंडितांचं पान आहेच, पण आता ते सुरुवातीला नाही. आधी कृष्ण, जयमणी, डोरोथी आणि गोकुळ येतात, मग छापखाना. तुम्ही नसतात तर केरींच्या थडग्याचा एक फोटो छापून मी मोकळी झाले असते. तुमचे बुधवार मी घेतले, आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिल्याचं जाणवू दिलं नाहीत. मनापासून आभार, काकू.

पुस्तिका रजिस्टर पोस्टाने परत पाठवली आहे. गोकुळच्या पानावर तुमची पेन्सिलची खूण होती, ती खोडली नाही. एक काम मात्र राहिलंय. जयमणीचं नाव बंगालीत एका कोऱ्या कागदावर लिहून पाठवाल का? तुमच्याच अक्षरात छापायचं आहे.

तुमची,
नगरची पाहुणी