रेकॉर्डर ऐकू आला का, ते सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचे कॉन्चेर्तो, म्हणजे मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, आजच्या वाद्यांवर वाजवणं ही त्याच्या संगीताशी प्रतारणा आहे, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात होता. तो मला मुळीच पटला नाही.

जुन्या, म्हणजे बाखच्या काळच्या धाटणीच्या, वाद्यांचं मोल मोठं आहे. १९६४ मध्ये वाद्यवृंद-संचालक हार्नोनकूर्टने बाखचे सहा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो जुन्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले, ते ऐकताना अनेक गोष्टी उलगडतात. दुसऱ्या कॉन्चेर्तोत ट्रम्पेट, रेकॉर्डर (तोंडाने फुंकायची उभी बासरी), ओबो (सनईसारखं वाद्य) आणि व्हायोलिन असे चार मुख्य वादक. ट्रम्पेटशेजारी लाकडी रेकॉर्डरचा आवाज तो केवढा! पण बाखच्या काळच्या लांब नळीच्या, बिनव्हॉल्व्हच्या (स्वर बदलायच्या कळा नसलेल्या) ट्रम्पेटचा वरच्या सप्तकातला आवाज हलका असे, म्हणून दोघांचं जमे. आजच्या आखूड पिकोलो ट्रम्पेटवर वादकाने आवरतं घेतलं नाही, तर रेकॉर्डरवाला नुसता दिसतो. आवरतं घेणारे वादक मात्र आहेत, आणि तिथे हाच भाग इतका स्वच्छ ऐकू येतो की वाद्याच्या वयाचा विचारही मनात येत नाही.

खुद्द बाख वाद्यांबाबत सोवळा नव्हता. चौथ्या कॉन्चेर्तोतल्या मुख्य व्हायोलिनची जागा त्याने पुढे हार्प्सिकॉर्डला (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्याला) दिली आणि सगळी रचना एक स्वर खाली आणली. तिसऱ्याचा पहिला भाग १७२९ मध्ये हॉर्न आणि ओबोंची भर घालून एका कंटाटासाठी (चर्चमध्ये गायच्या रचनेसाठी) वापरला. बाखनंतरही हे चालत आलं: १९३५ च्या ध्वनिमुद्रणात अडॉल्फ बुशच्या वाद्यवृंदासोबत रुडॉल्फ सर्किनने पाचव्या कॉन्चेर्तोतला हार्प्सिकॉर्डचा भाग चक्क पियानोवर वाजवला. त्यातला लांबलचक एकल भाग लेखकाने एकदा ऐकावाच. १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच तबकडीवर दुसऱ्या ब्रँडेनबर्गचा पहिला भाग आहे, कार्ल रिश्टरच्या म्युनिकच्या वाद्यवृंदाचा, आणि तोही आधुनिक वाद्यांवरचा.

शिवाय जुन्या व्हायोलिनच्या, जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारांचा सूर दमट हवेत लगेच ढळतो. मुंबईच्या पावसाळ्यात अशी व्हायोलिनं आणि ती वाजवणारे किती मिळणार? जुन्या वाद्यांचाच हट्ट धरला, तर इथल्या मुलांनी हे संगीत समोर बसून ऐकायचं कधी?

माझी तक्रार आहे ती तंतुवाद्यांचा भलामोठा ताफा बसवून प्रत्येक स्वर थरथरवत ठेवण्याबद्दल. तेव्हा पुढच्या परीक्षणात वाद्यं जुनी की नवी एवढ्यावर न थांबता वादक किती होते आणि रेकॉर्डर शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का, हेही छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे