बंदी घाला, पण कारण सांगा

महोदय,

परदेशी बातम्यांची एखादी साइट अचानक उघडेनाशी होते. गोव्यातली कितीतरी मुले लंडन-लिस्बनला नोकरीला. तिथली खबर घरचे अशाच साइटवर वाचतात. मग 'नेट गेले असेल' म्हणत मोबाइल बंद-चालू करीत बसायचे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ सरकारला अशी साइट बंद करायचा अधिकार देते, तर २००९च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. श्रेया सिंघल खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवले, ते आदेशात लेखी कारणे असतात याकडे बोट दाखवून. ती कारणे वाचकाला दिसणारच नसतील, तर दाद मागायची कशावर?

डिजिटल वृत्तमाध्यमांत परदेशी गुंतवणुकीला २०१९पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याला माझी हरकत नाही. सरकारी पाळतीचे मात्र दुखणे मोठे. त्याच कायद्याच्या कलम ६९खाली लोकांचे ऑनलाइन संदेश चोरून पाहायला परवानगी देणार गृहसचिव, ती तपासणार सचिवांचीच समिती. सगळा घरचाच मामला! न्यायाधीश कुठेच नाही.

निदान बंद केलेल्या पानावर आदेशाचा क्रमांक आणि कारण तरी छापा. लोकसभेतील आपल्या दोन्ही खासदारांनी एवढे विचारावे.

— एक वाचक, फोंडा