ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कार्ल माउराखर यांना आभारपत्र

आदरणीय कार्ल माउराखर,
सप्रेम नमस्कार.

‘स्टिले नाख्त’, म्हणजे जगभर ‘सायलेंट नाइट’ म्हणून गायलं जाणारं नाताळचं गीत. शब्दांसाठी धर्मगुरू योझेफ मोर आणि चालीसाठी शिक्षक-ऑर्गनवादक फ्रान्त्स ग्रुबर यांची नावं सगळे घेतात. तुमचं कुणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

मोर यांनी कविता १८१६ मध्ये ऑस्ट्रियातल्या मारियाफार गावी लिहिली. चाल बांधली गेली २४ डिसेंबर १८१८ ला, साल्झाख नदीकाठच्या ओबर्नडॉर्फच्या चर्चसाठी. दोन गायक, मागे समूह आणि साथीला गिटार अशी चाल द्या, असं मोर यांनी ग्रुबरना सांगितलं, आणि त्याच रात्री गीत गायलं गेलं. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा सर्वांची लाडकी. पण ग्रुबर यांनी ३० डिसेंबर १८५४ ला लिहून दिलेल्या हकिगतीत उंदीर नाही आणि ऑर्गन बिघडल्याचा उल्लेखही नाही. तो ऑर्गन दुखणाईत होता, हे मात्र खरं. त्यासाठीच तुम्ही टिरोल प्रांतातल्या त्सिलरटाल खोऱ्यातून तिथे जात होतात. भात्याचं चामडं तडकलं की हवा गळते, दाब टिकत नाही, सूर उतरतो आणि थरथरतो. १८२५ मध्ये तुम्ही तिथे नवा ऑर्गनच बांधून दिलात.

त्याच येण्याजाण्यात गीताची प्रत तुमच्या खोऱ्यात पोचली. तिथल्या श्ट्रासर भावंडांचा धंदा हातमोज्यांचा. १८३१-३२ च्या सुमारास जर्मनीतल्या लाइपझिगला माल विकायला गेले असता त्यांनी हे गीत गायलं. मग ड्रेस्डेनला ते ‘अस्सल टिरोली’ गीत म्हणून छापलं गेलं, कवी-संगीतकाराच्या नावाशिवाय. १८३९ मध्ये राइनर या टिरोली गायक मंडळींनी ते न्यूयॉर्कला नेलं. नावं इतकी पुसली गेली की, हे साल्झबुर्गचे संगीतकार मिखाएल हायडन यांचं का, अशी विचारणा बर्लिनच्या राजदरबारी संगीत विभागाने साल्झबुर्गला केली. ग्रुबर यांची हकिगत हे त्याचंच उत्तर. त्यात ते लिहितात की ‘एका प्रसिद्ध त्सिलरटालवासीयाने’ हे गीत टिरोलला नेलं. नाव लिहीत नाहीत. अभ्यासक तिथे तुमचंच नाव वाचतात.

प्रवासात चाल थोडी बदलली. मोर यांच्या हातची प्रत १९९५ मध्ये उजेडात आली: डी मेजर ही पट्टी, सहा-आठचा ताल, वर टेनर (उंच पुरुषी आवाज), खाली बास (खर्जातला आवाज), गिटारची साथ. कडवी सहा, आज बहुधा पहिलं, सहावं आणि दुसरं एवढीच गातात. ताल आपल्या दादऱ्यासारखा, तीन अधिक तीन. पण मापात ठोके दोनच धरावेत. सहा मोजले की गाणं रेंगाळतं आणि शेवटी श्वास पुरत नाही. प्रचलित चालीत सूर सर्वांत वर चढतो तोही शेवटाकडेच, डी मेजरमध्ये थेट वरच्या जी पर्यंत. सगळ्या मंडळीने गायचं असेल तर त्याहून खालची बी फ्लॅट मेजर पट्टी धरावी. मुळात समूहाचं काम होतं कडव्याचा शेवट पुन्हा म्हणण्याचं. तेवढं जरी केलं तरी गीताचा तोल परत येतो.

या नाताळात आमच्या गाण्याच्या कागदावर मोर आणि ग्रुबर यांच्याखाली तिसरी ओळ आहे: प्रत नेणारे, कार्ल माउराखर, ऑर्गन बांधणारे कारागीर.

तुमचे ऋणी,
दर नाताळात हे गीत गाणारे