बांधणीतल्या विमानावर चैनीचा कर नको

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

हडपसरला ग्लायडर उडताना बघत पुण्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. मी शेडमध्ये स्वतःच्या हाताने दोन आसनी विमान बांधतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. तयार जेट विकत घेणाऱ्याकडून तो जरूर घ्या. पण विमानाच्या सुट्या भागांवर ५ टक्के आणि विमानावर ४० टक्के, या दोहोंच्या मध्ये आमच्यासारखे अडकतात. सुटी, अर्धवट वस्तूसुद्धा मूळ स्वरूप ओळखू येत असेल तर पूर्ण वस्तूच धरावी, असा सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे पंखांच्या आतल्या फासळ्या (रिब्ज), पत्रे आणि रिव्हेट भरलेली खोकी बंदरात उतरली की अधिकारी त्यांना विमान ठरवू शकतो. त्या खोक्यांचं विमान व्हायला काही वर्षं जातात. अशी अनेक किट, म्हणजे स्वतः जोडायच्या सुट्या भागांचे संच, तर कधीच पूर्ण होत नाहीत. जे उडेल की नाही हेच ठाऊक नाही, त्यावर आधीच चैनीचा कर कशासाठी?

अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा आवडीसाठी केलं असेल, तर त्या विमानाला वेगळा प्रायोगिक वर्ग मिळतो. तिथे अशी हजारो विमानं उडतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि तरीही नोंदणी हाती पडायला २०१७ उजाडलं. त्यांच्यापाशी जिद्द होती आणि वैमानिकाचा अनुभवही होता. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाने एवढं कुठून आणायचं?

कराचा दर जीएसटी परिषद ठरवते, हे मला माहीत आहे. तरी आपल्या खात्याची शिफारस तिथे वजनदार ठरेल. हौशी बांधणीच्या किटला, इंजिनासह, सुट्या भागांचाच दर लागू असल्याचा खुलासा अर्थ मंत्रालयाकडून काढून घ्यावा. बांधणी चालू असेपर्यंत नाममात्र शुल्कात नोंद व्हावी आणि नोंदणीचं पूर्ण शुल्क पहिल्या उड्डाणाची परवानगी मिळाल्यावरच घ्यावं. सुरक्षेच्या तपासणीत मात्र तसूभरही सवलत नको. ती कडकच हवी, कारण त्या विमानात आम्हीच बसणार आहोत.

भेटीची वेळ दिलीत तर बांधणीची नोंदवही आणि खर्चाची बिलं घेऊन येईन.

आपला,
एक हौशी विमानबांधणीकार