फुकट मुक्कामाचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातले फुकट मुक्काम’ हा लेख वाचला. त्यात स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, केप रॅथजवळ असलेल्या कीर्व्हेग या बॉथीला (बॉथी म्हणजे वाटसरूंसाठी उघडं ठेवलेलं आडरानातलं साधं घर) अर्धा रकाना आणि एक सुंदर फोटो मिळाला आहे. पांढरं घर, पुढे वाळू, मागे हिरवा उतार. खाली ओळ: ‘ना बुकिंग, ना भाडं, ना किल्ली. फक्त जा आणि राहा!’ पहिली तीन विधानं खरी आहेत. चौथं वाचून मात्र मला हे पत्र लिहायला बसावं लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी मेच्या सुरुवातीला मी आणि माझी मुलगी तिथे दोन रात्री राहिलो आहोत. ‘फक्त जा’ या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं ते मला पाठ आणि गुडघे या दोन्ही मार्गांनी समजलं आहे.

आधी माझी ओळख. बांधकाम खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. वय चौसष्ट. कुठलीही इमारत दिसली की माझी नजर आधी छपराकडे, मग पन्हळीकडे आणि मग पायाशी साचलेल्या पाण्याकडे जाते. पत्नी म्हणते, ताजमहालासमोर उभा केला तरी हा माणूस निचरा बघेल. त्यामुळे या पत्रात सूर्यास्त कमी आणि धुराडं जास्त आलं तर समजून घ्यावं.

तर, जाण्याबद्दल. कीर्व्हेगला गाडी पोचत नाही. ड्युरनेस गावाजवळ काइल ऑफ ड्युरनेस नावाची खाडी आहे. ती छोट्या होडीने ओलांडायची. होडी उन्हाळ्यातच चालते आणि वारा-भरती बघून चालते. पलीकडे अकरा मैलांचा एकेरी रस्ता थेट केप रॅथच्या दीपगृहापर्यंत जातो. हे दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सनने 1828 मध्ये बांधलं. 1998 पासून ते आपोआप चालतं, म्हणजे तिथे दिवा सांभाळणारं कुटुंब आता नाही. हंगामात एक मिनीबस प्रवाशांना त्या रस्त्याने नेते. बॉथीसाठी वाटेतच उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने खाली चालत जायचं. हे सगळं सुरळीत झालं तर.

आमचं झालं नाही. पहिल्या दिवशी खाडीवर पोचलो तर लाल निशाण. तुमच्या लेखात ज्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही ती गोष्ट ही: केप रॅथच्या परिसराचा मोठा भाग हे ब्रिटिश सैन्याचं गोळीबाराचं मैदान आहे. युद्धनौका समुद्रातून तोफा डागतात, विमानं बाँब टाकतात. किनाऱ्यालगतचं गार्व्ही आयलंड हे छोटं बेट तर नेमबाजीचं लक्ष्यच आहे. निशाण लागलं की आत जायचं नाही. त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, पण आम्ही ते पाहिलं नव्हतं. होडीवाल्याने आमच्या सॅककडे पाहिलं, निशाणाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘उद्या बघा.’ दुपारी लांबून धडधड ऐकू आली तेव्हा मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला गडगडाट आवडतो ना?’ मी गप्प बसलो. चूक माझी होती, माहितीची छापील पुस्तिका विकत न घेण्याचा कंजूषपणा मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी पोचलो. घर खरोखर सुंदर आहे, त्याबद्दल लेखकाशी वाद नाही. दगडी भिंती, चुन्याने पांढऱ्या केलेल्या. समोर छोटी वाळूची पुळण आणि समुद्रात उभे कातळाचे सुळके. पूर्वेला क्लो मोरचे कडे 281 मीटर उंच आहेत. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर एवढे उंच समुद्रकडे दुसरे नाहीत. तिथे पफिन पक्षी घरटी करतात. लाल-पिवळ्या चोचीचा हा बुटका पक्षी उडताना असा पंख फडफडवतो की आत्ता पडेल असं वाटतं, आणि पडत नाही.

आत मात्र काहीही नाही. वीज नाही, नळ नाही, गादी नाही, दिवा नाही, भांडं नाही. लाकडी फळ्या आहेत, त्यावर आपली चटई आणि स्लीपिंग बॅग. एक शेगडीची भिंत आहे, पण सरपण आपण न्यायचं. त्या किनाऱ्यावर झाडंच नाहीत हे लेखकाने फोटोत तरी पाहायला हवं होतं. आम्ही दहा किलो कोळसा वाटून घेतला होता. सहा माझ्याकडे, चार तिच्याकडे, आणि खाली उतरेपर्यंत पाच-पाच झाला होता, हे मुलीने कधी बोलून दाखवलं नाही. गॅसची छोटी टाकी विमानातून नेता येत नाही, ती तिकडेच घ्यावी लागते, हेही कुणीतरी सांगायला हवं.

पुळणीवर वाहून आलेली लाकडं दिसली, तेव्हा मला हुशारी सुचली. खाऱ्या पाण्यात महिने काढलेलं लाकूड ते. पेटवलं तर नुसतं फुसफुसत राहिलं आणि धूर सगळा खोलीत. त्यात धुराडं थंड. थंड धुराड्यात जड हवा बसलेली असते, ती आधी गरम करून वर ढकलल्याशिवाय धूर वर जात नाही. हे मी आयुष्यभर गवंड्यांना सांगत आलो आणि तिथे नेमका विसरलो. शेवटी वर्तमानपत्राचे चार बोळे धुराड्याच्या तोंडाशी जाळले, तेव्हा कुठे ओढ लागली. (पत्राचं नाव सांगत नाही, पण अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं पेटलं.)

याच्या पुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो, कारण ‘फक्त जा’ वाचून निघालेला माणूस नेमकं हेच करेल. रात्री वारा उत्तरेचा होता. दाराखालून आणि भिंतीतल्या हवेच्या भोकातून असा घुसत होता की मेणबत्ती टिकेना. मी दोन्ही ठिकाणी टॉवेल आणि जुना पायमोजा कोंबून बंदोबस्त केला. खोली छान ऊबदार झाली. तासाभराने डोकं जड झालं, मुलगी पेंगू लागली. आम्हाला वाटलं, चालण्याचा थकवा. शेजारच्या खोलीत सत्तरीच्या आसपासच्या एक बाई उतरल्या होत्या, एकट्या. त्या गरम पाणी मागायला आल्या, दारात थबकल्या, सरळ जाऊन पायमोजा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘हे भोक वाऱ्यासाठी नाही ठेवलेलं. तुमच्यासाठी ठेवलंय.’

कोळसा जळायला हवा लागते. ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, म्हणजे साध्या थकव्यासारखीच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नोकरीत गॅस गिझर लावताना झरोका ठेवला नाही म्हणून मी ठेकेदारांची बिलं अडवली आहेत. पण थंडी वाजली की माणूस ठेकेदारापेक्षा वेगळा वागत नाही. जवळचं इस्पितळ विचारू नका. फोनला रेंज नाही. त्या बाई आल्या नसत्या तर काय, या प्रश्नावर मुलगी आणि मी आजवर एकमेकांशी बोललेलो नाही.

पाण्याचंही असंच. बॉथीजवळ ओढा आहे, पाणी काचेसारखं. पहिल्या संध्याकाळी मी ते ओंजळीने प्यायलो. दुसऱ्या दिवशी सहज वरच्या बाजूला फिरत गेलो तर ओढ्यात एक मेंढी मरून पडलेली. त्यानंतर प्रत्येक थेंब उकळला. आणि आता जे लिहिणार आहे ते कुठल्याही पर्यटन लेखात छापत नाहीत: बहुतेक बॉथींमध्ये संडास नसतो. असतं ते फावडं. ते घेऊन घरापासून आणि पाण्यापासून बरंच लांब जायचं, खोल खड्डा करायचा, नीट बुजवायचा. माझ्या वयाच्या माणसाला, पहाटे, समुद्राच्या वाऱ्यात, उतारावर. त्या एका फावड्यावर सगळ्यांचं आरोग्य अवलंबून असतं, म्हणून लिहितो. आम्ही मेच्या सुरुवातीला गेलो म्हणून मिजेसपासून तरी वाचलो. चिलटांहून बारीक ही माशी उन्हाळ्यात ढगासारखी येते. वारा पडला की ती हजर, वारा सुटला की गायब. तिथे वाऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत असं त्या बाई म्हणाल्या ते याचसाठी.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येतो. माझी खरी तक्रार तिथे आहे.

ही घरं मूळची मेंढपाळांची, जमीनदारांच्या नोकरांची. माणसं निघून गेली, छपरं बसू लागली. 1965 मध्ये बर्नार्ड हीथ आणि त्यांच्या सोबत्यांनी गॅलोवेमधलं टन्सकीन नावाचं एक पडकं घर स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था निघाली. आज ती स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि वेल्स मिळून शंभराच्या आसपास घरं सांभाळते. यातली बहुतेक घरं तिच्या मालकीची नाहीत. मालक घर वापरू देतो, संस्था ते उभं ठेवते. काम करतात ते स्वयंसेवक. सुट्टीच्या दिवशी सिमेंटची पोती, खिळे, पत्रे, फळ्या पाठीवर किंवा होडीतून नेतात. ज्या ठिकाणी मी पाच किलो कोळसा नेताना दोनदा बसलो, तिथे कुणीतरी छपराचं सामान नेलेलं आहे.

आणखी एक. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण तो हक्क इमारतींना लागू नाही. बॉथीत आपण राहतो ते कायद्याने नव्हे, मालकाच्या मर्जीने. उद्या कचरा वाढला, भिंतीवर नावं कोरली गेली, शिकारीच्या हंगामात नको तिथे गर्दी झाली, तर तो कुलूप लावू शकतो आणि कुणालाही तक्रार करता येणार नाही. म्हणूनच बॉथीचे साधे नियम आहेत: आणलेला कचरा परत न्यायचा, राख थंड करून साफ करायची, निघताना आग विझवून दार नीट लावायचं, सहा किंवा त्याहून अधिक जणांनी टोळीने यायचं नाही. आणि पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांना तर परवानगीच नाही. आपल्या लेखाखालीच एका सहल कंपनीची ‘बॉथी एक्स्पीरियन्स’ची जाहिरात आहे. संपादकांनी लेख आणि जाहिरात एकदा एकत्र वाचून पाहावेत.

दुसऱ्या रात्री कोळसा उरला होता. रात्री नऊ वाजून गेले तरी खिडकीत उजेड होता. त्या बाईंनी आपल्या सॅकमधून खिळे आणि हातोडी काढली आणि जिन्याची एक सैल पायरी ठोकून टाकली. मी विचारलं, तुम्ही संस्थेच्या का? म्हणाल्या, नाही, पायरी मागच्या वेळी पण हलत होती. मग माझ्यानेही राहवेना. टॉर्च घेऊन घराला बाहेरून एक फेरी मारली. समुद्राकडच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे, दोन ठिकाणी सुटल्या होत्या, एका पन्हळीत गवत उगवलं होतं. गवत काढलं. दर्जांचं वहीत टिपून ठेवलं, जमिनीपासून किती फूट, कुठल्या कोपऱ्यापासून किती, आणि एक रेखाचित्र. बॉथीत एक नोंदवही असते. त्यात आधीच्या माणसाने इंग्रजीत लाटांवर कविता लिहिली होती. मी त्याखाली निचऱ्याबद्दल लिहिलं.

उरलेला कोळसा, काडेपेटी आणि दोन मेणबत्त्या पुढच्यासाठी ठेवून आम्ही निघालो. पायमोजा मात्र परत आणला.

घरी आल्यावर दर्जांचं टिपण संस्थेला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आभार मानले होते, पुढच्या कामाच्या आठवड्याच्या तारखा दिल्या होत्या, आणि खाली विचारलं होतं की मला चुना कालवता येतो का. वय विचारलं नव्हतं.

मुलीने तारखांना होकार कळवला आहे. तोवर आपल्या लेखकाला एवढंच सांगावं, की पुढच्या आवृत्तीत फोटो छोटा केला तरी चालेल, पण गोळीबाराचं वेळापत्रक, फावडं आणि हवेचं भोक या तीन गोष्टींना चौकट द्यावी. आणि ती जाहिरात काढावी.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक